पडद्यावरच्या बखरी

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने सारे जग घरात बसले होते. मैदाने ओस पडली होती आणि क्रीडावाहिन्यांपुढे जुन्या सामन्यांवाचून दाखवायला काही उरले नव्हते. त्या दिवसांत अमेरिकेतून दहा भागांची एक मालिका आली, 'द लास्ट डान्स'. मायकेल जॉर्डन आणि शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाच्या १९९७-९८ मधील अखेरच्या विजयी हंगामाची ती कहाणी. ज्यांनी आयुष्यात बास्केटबॉलचा एकही सामना धडपणे पाहिलेला नाही अशा अनेकांनी, अगदी आपल्याकडील घरांतूनही, ती मन लावून पाहिली. मालिका विलक्षण रंजक होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुनी दृश्ये आणि नव्या मुलाखती यांची गुंफण कौशल्यपूर्ण होती आणि एका असामान्य खेळाडूची ईर्ष्या तिच्यातून अंगावर येत होती.

तथापि त्या दृश्यांचा स्वतःचाही एक इतिहास आहे आणि तो मालिकेपेक्षा अधिक बोलका आहे. १९९७-९८ च्या हंगामात बास्केटबॉल लीगच्याच चित्रीकरण विभागाचा एक चमू संघासोबत सर्वत्र फिरत होता. सुमारे पाचशे तासांचे चित्रण झाले. परंतु त्यासाठी जॉर्डनला एक आश्वासन दिले गेले होते, की त्याच्या संमतीविना हे चित्रण वापरले जाणार नाही. ती संमती मिळेपर्यंत २०१६ साल उजाडले. तोवर जवळजवळ दोन दशके ते साहित्य बंद राहिले. पुढे मालिका तयार झाली तेव्हा जॉर्डनची 'जंप २३' ही कंपनी निर्मितीत सहभागी होती आणि त्याचे व्यावसायिक व्यवहार पाहणारी माणसे कार्यकारी निर्मात्यांच्या यादीत होती. मालिकेने ज्यांना जवळपास खलनायक ठरविले ते संघाचे महाव्यवस्थापक जेरी क्राउझ २०१७ मध्येच निवर्तले होते. स्वतःची बाजू मांडायला ते या जगात नव्हते. जॉर्डनचा सहकारी स्कॉटी पिपेन याने पुढच्याच वर्षी आत्मचरित्रातून या चित्रणाविषयीचा आपला संताप व्यक्त केला.

अमेरिकेतील विख्यात अनुबोधपटकार केन बर्न्स यांनी मालिकेचे प्रसारण चालू असतानाच यावर बोट ठेवले. ज्याच्यावर चित्रपट काढायचा तोच निर्मितीत असला, तर काही गोष्टी त्यात येणारच नाहीत, ही पत्रकारिता नव्हे आणि इतिहासही नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बेसबॉलच्या इतिहासावर १९९४ मध्ये अठरा तासांहून मोठी मालिका काढणाऱ्या माणसाचे हे मत होते. केवळ मत्सर म्हणून ते झटकून टाकता येत नाही. जॉर्डनच्या जुगाराच्या नादाचा विषय मालिकेत येतो, मग ती एकतर्फी कशी, असे समर्थक विचारतात. विषय येतो, हे खरे. परंतु प्रश्न किती खोल न्यायचा आणि अखेरचा शब्द कोणाचा ठेवायचा, हे ठरविणाऱ्यांत ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याचीच माणसे बसलेली असतात. दिग्दर्शकाच्या हाती जॉर्डनला देण्यासाठी एक छोटा पडदा असे. इतरांनी त्याच्याविषयी काढलेले उद्गार त्याला त्यावर दाखविले जात आणि त्याची प्रतिक्रिया टिपली जाई. प्रेक्षकांना हा प्रकार फार आवडला. न्यायालयात आरोपीला साक्षीदारांनंतर निकालपत्रही लिहू द्यावे, तसेच काहीसे हे होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे बखरींची मोठी परंपरा आहे. 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना आजही अंगावर काटा येतो. तिची भाषा, तिचा आवेश, तिच्यातील माणसे मनातून जात नाहीत. परंतु पानिपतचा इतिहास लिहायला बसणारा अभ्यासक बखरीवर विसंबत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरकारांच्या चुका त्यांनी निर्दयपणे दाखवून दिल्या. समकालीन अस्सल पत्रांच्या शोधात हा माणूस गावोगाव पायपीट करीत राहिला. पूर्वजांविषयीचा अभिमान त्यांच्याइतका जाज्वल्य क्वचितच कोणाचा असेल, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांना पूर्वजांविषयी खरे काय ते हवे होते. आज क्रीडाक्षेत्रातील अनुबोधपटांच्या नावाखाली जे बाजारात येते आहे त्यात बखरी उदंड आहेत. त्यांत भाऊसाहेबांच्या बखरीची भाषाही नाही, आणि अस्सल कागद तर नाहीतच.

हे नेहमीच असे होते काय? तसे नव्हते. १९९४ मध्ये 'हूप ड्रीम्स' नावाचा अनुबोधपट आला. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्याचे दोन सहकारी शिकागोतील दोन गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या मागे कॅमेरा घेऊन गेले. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही ती मुले. अर्ध्या तासाचा एक लघुपट काढावा, एवढाच प्रारंभीचा बेत होता. प्रत्यक्षात पाच वर्षे चित्रीकरण चालले, सुमारे अडीचशे तासांचे चित्रण जमले आणि त्यातून जवळपास तीन तासांचा चित्रपट उभा राहिला. दोघांनाही बास्केटबॉलच्या बळावर एका नामांकित खासगी शाळेत प्रवेश मिळतो. त्यांतल्या एकाला शुल्क थकल्यामुळे शाळा सोडावी लागते. दुसऱ्याचा गुडघा दुखावतो. आर्थरच्या घरची वीज तोडली जाते, तेव्हा कॅमेरा त्या काळोखातही असतो. त्याची आई अशा ओढगस्तीत परिचारिका-साहाय्यकाचा अभ्यासक्रम पुरा करते. त्या छोट्याशा समारंभात तिच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते कोणत्याही विश्वचषकाच्या अंतिम सामन्याहून मोठे आहे. दोघांपैकी एकही पुढे व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचला नाही. चित्रीकरण चालू असताना हे कोणालाही ठाऊक नव्हते. शेवट ठाऊक नसताना पाच वर्षे थांबून राहण्याची ही तयारी, हेच त्या चित्रपटाचे खरे भांडवल होते. चित्रपटाला पैसे मिळाले तेव्हा त्यात बोलणाऱ्या माणसांनाही वाटा देण्यात आला. प्रामाणिकपणाची ही दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची १९७४ ची किन्शासा येथील लढत चित्रित करणाऱ्या लिऑन गास्ट यांना 'व्हेन वी वेअर किंग्ज' पडद्यावर आणण्यासाठी तब्बल बावीस वर्षे पैशासाठी आणि हक्कांसाठी झगडावे लागले. चित्रपट १९९६ मध्ये आला आणि त्याला ऑस्कर मिळाले. अशी माणसे अडाणी व्यवहारी असतात, पण त्यांच्या चिकाटीमुळेच काही साक्षी टिकून राहतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसऱ्याच्या पैशातून निघालेला प्रत्येक चित्रपट वाईटच, असे समीकरण मांडता येत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरील लेनी रीफेनश्टाल यांचा 'ऑलिंपिया' नाझी राजवटीच्या पैशातून, एका नामधारी कंपनीच्या आडून निघाला, आणि तरीही जेसी ओवेन्सची धाव त्यात आहे. ज्यांच्या वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटायचा होता, त्यांच्याच खर्चाने त्या कृष्णवर्णीय धावपटूचा वेग अमर झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा अधिकृत चित्रपट कोन इचिकावा यांनी केला. यजमानांना हवी होती विजयांची नोंद आणि नव्या जपानचे दर्शन. इचिकावांनी दाखविले थकलेले चेहरे, पावसातले प्रेक्षक आणि नवस्वतंत्र चाड देशाचा, भोजनगृहात एकटाच जेवत बसलेला एक धावपटू. जपानच्या मंत्रिमहोदयांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. लोकांनी मात्र चित्रपटगृहे भरून टाकली. प्रश्न केवळ पैसा कोणाचा हा नसून, पैसे देणाऱ्याला नको असलेले दाखविण्याची धमक आणि मुभा दिग्दर्शकाजवळ उरते की नाही, हा आहे. साठ वर्षांपूर्वी सरकारी कामातही ती उरत असे.

मग बदलले काय? बदलले ते हे, की खेळाडू, संघ आणि संघटना यांना आपल्या गोष्टीची किंमत कळली. पूर्वी पत्रकार खोलीच्या दारात उभा राहून आत काय चालले आहे याचा अंदाज घेत असे. आता संघ स्वतःच दार उघडतो, कॅमेऱ्यासाठी जागा करून देतो आणि त्या बदल्यात संकलनाची कात्री आपल्याजवळ ठेवतो. प्रेक्षकाला वाटते, आपण आतल्या गोटात शिरलो. वस्तुतः तो दिवाणखान्यातच बसलेला असतो, फक्त दिवाणखान्याला आतल्या खोलीचा रंग दिलेला असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' या मालिकेने फॉर्म्युला वन शर्यतींना अमेरिकेत नवा प्रेक्षक मिळवून दिला. ती शर्यतींच्या मालकांसाठी उत्तम जाहिरात ठरली. परंतु मॅक्स व्हरस्टॅपनसारख्या विजेत्यानेच, आपल्या आणि इतरांच्या नावावर नसलेली वैरे रंगविली जातात म्हणून काही काळ मालिकेत बोलण्यास नकार दिला होता. डेव्हिड बेकहॅमवरील २०२३ च्या मालिकेत त्याचीच निर्मितीसंस्था सहभागी होती. कतारच्या विश्वचषकाचा सदिच्छादूत म्हणून त्याच्यावर झालेल्या टीकेचा त्यात मागमूस नाही. अशी उदाहरणे द्यावी तितकी थोडी.

कलेच्या दृष्टीनेही या सर्वांना एक साचा पडला आहे. अंधाऱ्या दालनात खुर्चीवर बसलेला नायक, मागे मंद प्रकाश, आकाशातून दिसणारे मैदान, मंदगतीने उडणारी धूळ आणि काळीज हलविण्याचे कंत्राट घेतलेले पार्श्वसंगीत. दर भागाच्या शेवटी एक संकट, पुढच्या भागाच्या प्रारंभी त्याचे निवारण. खेळ कोणताही असो, देश कोणताही असो, ताटात तीच आमटी. ज्याला काही शोधायचेच नाही त्याला नवी मांडणी सुचणार तरी कोठून? स्वातंत्र्य आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली गेली की दुसरी तिच्या मागोमाग जाते.

याहून गंभीर आहे ते वाहिन्यांचे वर्तन. अमेरिकेतील इएसपीएन या बलाढ्य क्रीडावाहिनीने २००९ पासून '३० फॉर ३०' या मालेतून अनेक दर्जेदार अनुबोधपट दिले. एझ्रा एडलमन यांचा 'ओ. जे. : मेड इन अमेरिका' हा जवळपास आठ तासांचा, ऑस्करविजेता अनुबोधपट याच संस्थेने २०१६ मध्ये प्रसारित केला. पण याच वाहिनीने ऑगस्ट २०१३ मध्ये, अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूला होणाऱ्या इजांवरील 'लीग ऑफ डिनायल' या अनुबोधपटातून ऐनवेळी आपले नाव काढून घेतले. वाहिनीचे स्वतःचे दोन पत्रकार त्या शोधकार्यात होते. ज्या लीगविषयी हा चित्रपट होता, तिच्याच सामन्यांचे प्रक्षेपण हा वाहिनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. दबावाचा आरोप दोघांनीही नाकारला. चित्रपट अखेर सार्वजनिक प्रसारण सेवेवरून दाखविला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये याच लीगने वाहिनीत दहा टक्के भागीदारी घेण्याचा करार जाहीर झाला. लीगशी उघड संघर्ष केलेल्या कॉलिन केपरनिक या खेळाडूवर स्पाइक ली यांच्या दिग्दर्शनाखाली तयार होत असलेली मालिका आता प्रसारित होणार नाही, हेही त्याच महिन्यात कळले. कारण देण्यात आले ते सर्जनशील मतभेदांचे. केपरनिकची भूमिका कोणाला पटो वा न पटो, प्रेक्षकाला ती पाहून ठरविण्याची संधी राहिली नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. भारतात क्रीडा-अनुबोधपट म्हणजे मुख्यतः क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे नियामक मंडळ. आयपीएलच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी १६,३४७ कोटी रुपये मोजले गेले. २०२३ ते २०२७ या कालखंडासाठी ही रक्कम ४८,३९० कोटींवर गेली. इतका पैसा ज्याने ओतला तो आपल्याच मालावर डाग पडू देईल काय? स्वातंत्र्याचा पहिला बळी समालोचन कक्षात गेला. २०१६ मध्ये हर्षा भोगले यांना आयपीएलच्या तोंडावर वगळण्यात आले. जाहीर कारण दिले गेले नाही. २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून बाजूला करण्यात आले. दोघेही सभ्य, अभ्यासू आणि खेळावर प्रेम करणारे. उरलेल्यांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला असणारच. ज्या मराठीत वि. वि. करमरकर यांच्यासारख्या संपादकाने 'महाराष्ट्र टाइम्स'च्या क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि खेळाडूंइतकेच संघटकांनाही फैलावर घेतले, त्या मराठीतील क्रीडारसिकाला हे बोचल्यावाचून राहत नाही.

समालोचनापाठोपाठ अनुबोधपटांची पाळी आली. २०१९ मध्ये चेन्नई सुपर किंग्जच्या पुनरागमनावर 'रोअर ऑफ द लायन' ही मालिका आली. ती दाखविणारा मंच त्या वेळी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क बाळगणाऱ्या समूहाचाच होता. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणानंतर लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये हा संघ दोन वर्षांसाठी निलंबित केला होता. ते का घडले, कोणी काय केले, पैसा कसा फिरला, हे प्रश्न खऱ्या अनुबोधपटाचे. मालिकेचा भर मात्र बव्हंशी खेळाडूंना झालेल्या मनस्तापावर आणि महेंद्रसिंग धोनीच्या निर्धारावर. धोनीचा मनस्ताप खोटा नव्हता. पण मनस्तापाची कहाणी सांगून कारणांची चौकशी टाळता येते, हे कसब त्यात दिसून आले. २०१७ चा 'सचिन : अ बिलियन ड्रीम्स' हा त्या मानाने निर्मळ चित्रपट. तेंडुलकर कुटुंबाची घरगुती चित्रणे त्यात आहेत आणि ती मोलाची आहेत. तथापि दिग्दर्शक जेम्स अर्स्किन यांनीच त्यापूर्वी मार्को पांतानी या इटालियन सायकलपटूच्या उत्तेजक-प्रकरणाचा आणि मृत्यूचा कठोर धांडोळा घेतला होता, हे आठवले की चुटपुट लागते. सचिनच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यात उसळलेले सामनानिश्चितीचे वादळ या चित्रपटात ओझरतेच येते. दिग्दर्शक तोच. नायक हयात, लोकप्रिय आणि सहकार्य करणारा असला, की हात आखडतो.

त्या वादळावर 'कॉट आउट' हा अनुबोधपट यायला २०२३ साल उजाडले, म्हणजे दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएच्या ध्वनिफिती उघड केल्यानंतर तेवीस वर्षे गेली. पत्रकार आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी यांच्या साक्षींवर तो उभा आहे. मंडळाच्या सामन्यांचे हक्क नसलेल्या मंचाने तो दाखविला, हा योगायोग मानावा की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

आणखी एक उदाहरण जरा नाजूक आहे. २०१५ मध्ये सॅम कॉलिन्स आणि जॅरॉड किंबर या दोन क्रिकेट-पत्रकारांनी 'डेथ ऑफ अ जंटलमन' हा अनुबोधपट काढला. कसोटी क्रिकेटचे काय होणार, एवढ्या साध्या प्रश्नावरून ते निघाले आणि २०१४ मध्ये भारत, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांनी आंतरराष्ट्रीय परिषदेचा पैसा व अधिकार आपल्याकडे कसा ओढून घेतला, या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचले. एन. श्रीनिवासन आणि इंग्लंडचे जाइल्स क्लार्क या दोघांनाही त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसविले. आपल्याकडे अनेकांनी हा चित्रपट 'गोऱ्यांचा पोटशूळ' म्हणून मोडीत काढला. लॉर्ड्सवरची सत्ता मुंबईकडे सरकली याचे दुःख इंग्रजी क्रिकेटलेखनात अनेकदा डोकावते, हे खरेच आहे. परंतु या चित्रपटात क्लार्क यांची सुटका झालेली नाही आणि ऑस्ट्रेलियाचीही नाही. नियामक मंडळ म्हणजे राष्ट्र नव्हे. मंडळाच्या तिजोरीवरील टीका हा तिरंग्याचा अपमान मानण्याची सवय लागली, तर तिचा लाभ राष्ट्राला होत नाही, तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कंबरेला आहेत त्यांना होतो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने मंडळाला कायद्याच्या चौकटीत आणले, हे स्वागतार्हच. मात्र सरकारी निधी न घेणाऱ्या संघटनांना माहिती अधिकाराच्या कक्षेतून मोकळे ठेवण्यात आले. अशा वेळी नागरिकांच्या वतीने आत डोकावणारा उरतो तो स्वतंत्र पत्रकार आणि स्वतंत्र कॅमेरा.

तसा कॅमेरा काय करू शकतो, हे जर्मनीने दाखविले. हायो झेप्पेल्ट यांचा रशियातील उत्तेजक-सेवनावरील अनुबोधपट एआरडी या सार्वजनिक वाहिनीने डिसेंबर २०१४ मध्ये दाखविला. व्हिताली आणि युलिया स्तेपानोव्ह हे दांपत्य त्यातील प्रमुख साक्षीदार होते. पती उत्तेजकविरोधी यंत्रणेत काम केलेला, पत्नी आठशे मीटरची धावपटू. त्यातून चौकशी आयोग बसला आणि वर्षभरात रशियाच्या ॲथलेटिक्स संघटनेवर निलंबनाची कारवाई झाली. तो चित्रपट कोण्या संघाच्या वा विजेत्याच्या कृपेवर उभा नव्हता. जर्मन कुटुंबे दरमहा जे प्रसारण शुल्क भरतात त्यावर उभा होता.

भारतातही तुरळक प्रयत्न झाले आहेत. सुश्रुत जैन यांच्या 'बियाँड ऑल बाउंडरीज' या २०१३ मधील अनुबोधपटात २०११ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने तीन सामान्य माणसे दिसतात. अंगावर तिरंगा रंगवून देशभर सायकल हाकणारा सुधीर, क्रिकेटपटू होऊ पाहणारी मुंबईची एक तरुणी आणि एक लहानखुरा मुलगा, पृथ्वी शॉ. पुढे तो एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा कर्णधार होईल, कसोटी पदार्पणात शतक ठोकील आणि उत्तेजकाच्या नियमभंगापायी आठ महिन्यांची बंदीही भोगेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच त्या दृश्यांना आज किंमत आहे. यश मिळाल्यावर, सल्लागारांच्या देखरेखीखाली आठवून सांगितलेले बालपण आणि घडत असताना टिपलेले बालपण यांत बखर आणि अस्सल पत्र यांच्याइतके अंतर असते.

खाशाबा जाधवांचेच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि नंतरचे आयुष्य पोलीस खात्यात, बऱ्याच अंशी उपेक्षेत गेले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचा अंत झाला. आज कोण्या कुस्ती संघटनेच्या संमतीने त्यांच्यावर चित्रपट काढायचा ठरला तर त्यात लोकरंजनासाठी बैलगाड्यांची मिरवणूक खचित असेल. परंतु घर गहाण टाकण्याची वेळ प्राचार्यांवर का आली, संघटना तेव्हा काय करीत होत्या, हे प्रश्न त्या संहितेत टिकतील काय?

उपायांचा विचार करताना मूळ अडचण ध्यानात घ्यावी लागते. अनुबोधपटाला लागतात जुनी दृश्ये आणि ती सर्वस्वी हक्कधारकांच्या मालकीची. हक्कधारक मागेल ती किंमत आणि घालील ती अट. टीका असेल तर दृश्ये देणार नाही, असे त्याला उघड म्हणावेही लागत नाही, दर सांगितला की काम होते. चित्रपटावरील स्वामित्वहक्क आपल्या कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे आजच्या शाळकरी मुलाने पाहिलेला सामना मुक्तपणे अभ्यासायला मिळेपर्यंत तो निवृत्त झालेला असेल. फिल्म्स डिव्हिजनसारखी संस्था १९४८ पासून देशाच्या चित्रस्मृतीचे काम करीत होती. तिच्यात सरकारी रटाळपणा होता, पण साठा जनतेचा होता. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही उपलब्ध करून द्यावे, असा कायदा संसदेने २००७ मध्ये केला. सामना कोणीही विकत घेवो, त्यावर गरीब घरातील दूरचित्रवाणी संचाचाही अधिकार आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. तेच तत्त्व एक पाऊल पुढे न्यायला काय हरकत आहे? राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रत्येक सामन्याच्या चित्रणाची एक प्रत सार्वजनिक अभिलेखागारात जमा व्हावी आणि ठरावीक वर्षांनंतर, समजा दहा वर्षांनी, संशोधक व अनुबोधपटकार यांना ती माफक, निश्चित दराने आणि आशयाची कोणतीही अट न घालता मिळावी. ग्रंथांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठविण्याचे बंधन प्रकाशकांवर १९५४ पासून आहे. त्याने कोणताही प्रकाशक बुडाला नाही. हक्कधारक कुरकुर करतील. थेट प्रक्षेपणाच्या कायद्याच्या वेळीही ती झाली होती.

१८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे भारताची अवस्था ५ बाद १७ झाली असताना कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या. त्या दिवशी बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप होता, म्हणून त्या खेळीचे चित्रणच नाही, असे आजवर सांगत आले आहेत. ती खेळी जगली ती पाहणाऱ्यांच्या सांगण्यातून आणि धावफलकाच्या कागदातून. आज प्रत्येक चेंडू वीस-तीस कॅमेरे टिपतात. ते सारे चित्रण कोठल्या तरी वातानुकूलित कोठारात सुरक्षित आहे आणि कोठाराची किल्ली ज्याच्याविषयी प्रश्न विचारायचे त्याच्याच खिशात आहे.